ऑपरेटरबाईंचा प्रोग्राम

माझी वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ते एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, तरी गल्लीत तिला अजून ऑपरेटरबाईच म्हणतात. कानाला हेडफोन लावायचा, कोण हवंय ते विचारायचं, नीट ऐकायचं आणि समोरच्या फळीवर योग्य त्या भोकात पिन खुपसायची, यात तिची उमेदीची वर्षं गेली. घरी मात्र ती मोजकंच बोले. "दिवसभर लोकांची बोलणी जोडून दिली, आता माझं तोंड दमलं," म्हणायची.

तिला नवरा मिळाला तोही असाच. तो माझा थोरला भाऊ, सगळ्यांचा दादा. कचेरीत टायपिस्ट होता आणि तोंडी शब्दावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कोणी काही सांगू लागलं की हा म्हणणार, "लेखी द्या." लग्नाची मागणीसुद्धा त्याने टाइप करून दिली, खाली सही केली आणि कार्बन लावून एक प्रत स्वतःपाशी ठेवली. वहिनीने त्याच कागदावर "मंजूर" असं लिहून तो परत पाठवला. आमच्या घरात एवढी प्रेमकथा पुरेशी होती.

दादाने घरभर टाइप केलेल्या पाट्या लावल्या होत्या. न्हाणीघराच्या दारावर 'दिवा मालवावा', माठावर 'झाकण ठेवावे', आरशाखाली 'विलंब करू नये'. त्यांची एकुलती एक मुलगी या पाट्यांवरूनच वाचायला शिकली. दादा तिला पोर म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच पोर म्हणायचो. ती नोकरीला लागली, तिला चष्मा लागला, तरी ती पोरच राहिली.

पुढे तापाचं निमित्त झालं आणि पोर दवाखान्यातून परत आली नाही.

त्यानंतर दादाने तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, वहिनीनेही नाही. नवराबायको एकमेकांना जपतात, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मला विचाराल तर दोघं एकाच घरात वेगवेगळी रडत होती. मी एकदा वहिनीला म्हटलंही, की एकदा दोघं मिळून रडा आणि मोकळी व्हा. ती म्हणाली, "त्यांना नाही सोसवायचं गं." दादाला विचारलं असतं तर त्यानेही तिच्याबद्दल हेच सांगितलं असतं.

मग दादाचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग माणसं, आणि शेवटी पोर गेल्याचंच तो विसरला. दुपार झाली की विचारायचा, "पोर आली का?" वहिनीला खोटं बोलता येईना. ती त्याच्याजवळ बसायची, हात धरून सांगायची. तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळायचा. ऊर बडवून रडायचा. तासाभराने डोळे पुसून खिडकीशी जायचा आणि पुन्हा, "पोर आली का?" त्या घरात पोर रोज मरत होती.

मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, खरं बोलण्याचा मक्ता घेतलायस का? कामावर गेलीय म्हणून सांग की!"

तिने करून पाहिलं. पण दादा सगळं विसरला तरी स्वभाव कुठे विसरला होता? "तोंडी नको, लेखी दे," म्हणाला. तिने चिठ्ठी लिहिली. ती त्याने बाजूला सारली. "हे तुझं अक्षर आहे. तू काय, काहीही लिहिशील."

याच सुमारास वाचनालयाच्या माडीवर वयस्क लोकांसाठी संगणकाचा वर्ग निघाला. वहिनी गेली. शिकवणारी मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची, पण मोठी धीराची. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, की प्रोग्राम एका जागी थांबतो, माणूस कळा दाबून काय लिहितो त्याची वाट बघतो, आणि लिहिलेलं वाचून ठरवतो: अमुक लिहिलं असेल तर हे उत्तर द्यायचं, तमुक असेल तर ते, आणि यातलं काहीच नसेल तर शेवटचं ठरलेलं.

"अगं, हे तर आमचं एक्स्चेंजच!" वहिनी म्हणाली.

"जवळपास," मुलगी हसली. "पण एक लक्षात ठेवा, आजी. तुम्हाला आवाजावरून कळायचं समोरचा घाबरलाय का रडतोय. याला नाही कळत. हा वरून खाली अटी तपासत येतो, पहिली जी जुळेल ती धरतो आणि खालच्यांकडे बघतही नाही."

वहिनीने मान डोलावली. तिला उत्तर सापडलं होतं. दादाची बोटं अजून शाबूत होती. शिकवणारीने घरी येऊन संगणकावर जुन्या टाइपरायटरचीच कळांची मांडणी बसवून दिली. दादा खुर्चीत बसला आणि त्याचे हात आपोआप जागेवर गेले. ते बघून वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

पहिला प्रयत्न मात्र पुरता फसला. वहिनीने अट घातली होती, की 'पोर आली का' असं लिहिलं तर उत्तर द्यायचं. दादा पडला कचेरीतला माणूस. त्याने टाइप केलं, 'पोर आली किंवा कसे, कृपया कळवावे.' यंत्र म्हणालं, 'समजलं नाही. परत विचारा.' दादाने परत विचारलं, आणखी अदबीने. यंत्राचं तेच. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. पोर गेल्यावर त्या घरात मी पहिल्यांदा हसू ऐकलं.

मग वहिनीने अट सैल केली. वाक्यात कुठेही 'पोर' हा शब्द आला, की उत्तर द्यायचं: 'पोर कामावर आहे. संध्याकाळी येईल. काळजी नसावी.' ही अट सगळ्यात वर ठेवली. खाली चष्म्याची, जेवणाची, औषधाची.

आणि जमलं की! दादा विचारायचा, अक्षरं उमटायची, तो चष्मा सारखा करून वाचायचा आणि समाधानाने मान हलवायचा. छापील होतं, म्हणजे खरं होतं. संध्याकाळपर्यंत तो संध्याकाळच विसरायचा. वहिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे खोटं होतं हे मला कबूल आहे, आणि आजही मी तिला तेच कर म्हणेन.

एका दुपारी मी गेले होते. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. बाहेरच्या खोलीतून कळांचा आवाज येत होता, भराभर, पूर्वी कचेरीत यायचा तसा. "बघ, कसा कामाला लागलाय माणूस," वहिनी म्हणाली. त्या आवाजात बोलणं ऐकू येईना म्हणून तिने स्वतःच दार लोटलं, आणि मला तिच्या एक्स्चेंजच्या सुपरवायझरची नक्कल करून दाखवली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आम्ही.

आवाज थांबला तशी आम्ही बाहेर आलो. दादा खुर्चीतच झोपला होता. गाल ओले होते. चष्मा घडी करून बाजूला ठेवलेला. पडद्यावर त्याचे प्रश्न आणि यंत्राची उत्तरं एकाखाली एक तशीच होती.

'पोर वारली, असे मला स्मरते. खरे किंवा कसे?'

'पोर कामावर आहे. संध्याकाळी येईल. काळजी नसावी.'

'पोर दवाखान्यात होती. मी उशाशी होतो.'

'पोर कामावर आहे. संध्याकाळी येईल. काळजी नसावी.'

'पोर वारली आहे. कोणी असल्यास कृपया यावे.'

'पोर कामावर आहे. संध्याकाळी येईल. काळजी नसावी.'

आणि सगळ्यात खाली:

'ठीक. सदर बाब माझ्या पत्नीस कळवू नये. तिला सोसवणार नाही.'

या ओळीत पोर नव्हती, चष्मा नव्हता, जेवण नव्हतं. त्यामुळे यंत्राने शेवटचं ठरलेलं उत्तर दिलं होतं: 'समजलं नाही. परत विचारा.'

वहिनीने सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. इतक्या काळानंतर त्याला आपलं आपण आठवलं होतं. एकदाच, थोडा वेळ, तो पुरता तिचा नवरा होता, पोरीचा बाप होता, आणि बोलायला माणूस शोधत होता. माणूस दाराआड नक्कल करत होतं.

तिने त्याचे गुडघे धरले. "अहो, उठा. मला माहीत आहे. आपली पोर... अहो, मला सगळं माहीत आहे हो!"

दादाने डोळे उघडले. तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला. "आली का पोर?" म्हणाला.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा त्याच्यासमोर मोठ्याने रडली. तो घाबरून तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिला. कशासाठी रडतेय, ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती संगणकापुढे बसली आणि पोरीच्या अटीच्याही वर तिने एक नवी अट घातली. वाक्यात 'वारली' असेल तर उत्तर: 'हो. मला माहीत आहे. मी आत आहे. मला हाक मारावी.' स्वतः टाइप करून तपासलंही. "चालतंय," म्हणाली.

दादा त्यानंतरही बरेच दिवस होता. रोज खुर्चीत बसायचा आणि पोर आली किंवा कसे, एवढंच विचारायचा. वहिनीने स्वयंपाकघराचं दार पुन्हा कधी लोटलं नाही. कळांचा आवाज सुरू झाला, की हातातलं काम ठेवून, मान एका बाजूला कलती करून ती उंबऱ्याशी उभी राहायची, कानाला हेडफोन असल्यासारखी. आवाज थांबेपर्यंत तशीच उभी. हाक काही आली नाही.