पोच्याची वाटी

खांदा कॉलनीत माझ्या शेजारी राहणाऱ्या वाटीमावशींना 'ग्रॅम' या शब्दाचाच राग होता. "ग्रॅम सोनाराकडं. घरात वाटी," एवढं म्हणून त्या विषय संपवत.

वाटी त्यांच्या आईची, पितळेची, एका बाजूला अंगठ्याएवढा पोचा पडलेली. "रवा दोन वाट्या, खोबरा पोच्यापरत," असा त्यांचा हिशेब. मीठ किती, विचारलं तर "त्याच्या मनानं."

मी न्हावा शेव्याला वजनकाट्यावर नोकरीला. दिवसभर ट्रेलर तोलायचे आणि घरी येऊन एकट्याने खिचडी करपवायची. मावशींनी दया येऊन मला स्वयंपाक शिकवायला घेतला, तेव्हा मी वही उघडून बसलो.

"मावशी, तुमची वाटी म्हणजे नेमकी किती?"

"भरल ती."

"पण वजनात?"

"बाला, तू भात खातोस का तोलतोस?"

शेवटी एका रविवारी मी वाटीच मागून आणली आणि घरच्या छोट्या काट्यावर एकेक जिन्नस तोलला. रवा एकशे चाळीस ग्रॅम. त्याच वाटीत पोहे जेमतेम पन्नास. सगळं कोष्टक वहीत उतरवलं आणि मला फार मोठा शोध लावल्यासारखं वाटलं. त्या भरात, मावशींच्या उपकारांची फेड म्हणून, भांडीवाल्याकडून वाटीचा पोचा काढून घेतला.

परत दिली तेव्हा त्यांच्याकडे नातीच्या हळदीची गडबड होती. मावशी कढईशी, रवा-साखर मोजायला त्यांची लेक. तूप मात्र मावशी पळीने घालत. पोचा गेल्याने वाटीत रवा जास्त मावला, तूप होतं तेवढंच राहिलं. लाडू वळेनात. मी सहज डोकावलो तर मावशी परातीतल्या भुग्याकडे बघत बसलेल्या.

"हात गेला माजा," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीच्या हलदीला आता बाजारचं लाडू आना."

लेकीजवळची वाटी उचलून मी त्यांच्यापुढे धरली. मावशींनी अंगठा फिरवला.

"पोचा कुठं हाय?"

"काढला."

"कोनाला इचारून?"

मग आम्ही दोघं खलबत्त्यातला बत्ता घेऊन बसलो. एक ठोका, वाटीभर रवा, काटा. एकशे एक्कावन्न. पुन्हा ठोका. एकशे पंचेचाळीस. खालच्या मजल्यावरचे काका फरशी बसवताय का म्हणून विचारून गेले. अखेर काट्यावर एकशे चाळीस आले. मावशींनी आकडा वाचला, वाटी चाचपली आणि म्हणाल्या, "तुजा काटा बरोबर हाय."

दुसरा घाणा नीट वळला. पहिला लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. इतकं बरं मला पगारवाढीच्या पत्रानेही वाटलं नव्हतं.

पुढे गुडघ्यांनी जिना चढवेना, म्हणून मावशी लेकीकडे करंजाला राहायला गेल्या. जाताना वाटी मला दिली. "पोचा तुजा हाय, वाटी पन तूच ठेव."

आता त्यांचा फोन येतो. लेकीकडे काटा आहे, वाटी नाही.

"बाला, एक वाटी रवा म्हंजे किती रं ग्रॅम?"

कोष्टक मला तोंडपाठ आहे. तरी मी फक्त रव्याचं सांगतो. साखरेचं वहीत बघावं लागेल, उद्या फोन करा, म्हणतो.