सुनंदाताईचा सेंट

असले अनुभव वाचायला घेतले की मी अर्ध्यातच सोडून द्यायचे. मी मोताळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि अंगात येणं, भूत लागणं याला आमच्या घरात आजोबांपासून कधी थारा नव्हता. तरी हे लिहितेय... कारण मनात ठेवून काही हलकं झालं नाही.

सुनंदाताई माझी मोठी बहीण. नर्स होती, लग्न केलं नाही. शौक एकच – फुलांचा एक सेंट. सुट्टीच्या दिवशी सकाळी मनगटाला लावायची आणि मला शिकवल्यासारखं सांगायची, "पहिले संत्र्याच्या सालीवानी झोंबते. घाई नाही करायची. मंग मोगरा येते, मंग चाफा. सांजच्याले फुलं जातात, अन् उरते ते चंदनावानी उबदार. आपल्या अंगाचंच वाटते."

मागच्या वर्षी तिचं लिव्हर निकामी झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. कुठल्याही वासानं तिला उलटी व्हायची, म्हणून सेंटची बाटली मी स्वतः फेकून दिली होती. आणि मला तर वासच येत नाही! दोन वर्षांपूर्वी ताप आला, तेव्हापासून नाक गेलं ते गेलंच.

त्या रविवारी सकाळी मी तिचं अंग पुसत होते आणि एकदम... संत्र्याची साल. इतका तीव्र वास की डोळ्यांत पाणी आलं. टॉवेल हुंगला, साबण हुंगला – काही नाही. वास फक्त ताईजवळ. मी आईला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, ती येऊन हुंगून परत ओट्यापाशी गेली.

"मले तं औषधाचाच वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

दहाच्या सुमाराला मोगरा आला, त्यामागून चाफा. चार दिवस डोळे न उघडलेली ताई उशीला टेकून बसली. वरणाचं पाणी प्याली. मला वाटलं, ही वाचतेय. तेवढ्यात नाशिकहून दादाचा फोन आला.

"रंजू, निघू काय मी?"

"नको दादा. आज चांगली बोलून राह्यली ते. शनिवारी ये आरामात."

दुपारी चारला फुलं विरायला लागली. वासाबद्दल ताईसमोर मी अवाक्षर काढलं नव्हतं. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "फुलं गेले काय, रंजू?"

मी तिची चादर सारखी करत राहिले.

"सांग ना."

"हाव," मी म्हटलं.

"मंग बस इथंच."

दादाला फोन केला, तो लगेच निघाला. मी ताईचं मनगट नाकाला लावून बसले. चंदनाची ती ऊब हळूहळू पातळ होत गेली. आई बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून आली तेव्हा वास संपलेला होता. मी ताईच्या छातीवर हात ठेवला. श्वासही संपला होता. दादा तेव्हा धुळ्याच्या थोडा पुढं, जेमतेम निम्म्या वाटेवर आला होता.

नाकाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मेंदू कधी कधी नसलेले वास तयार करतो. असेल, मला ते पटतंही. पण माझ्या मेंदूतलं ताईला कसं कळलं? तिलाही येत होता का तो? तेवढं विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

तीन महिन्यांनी दादाला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू फोनवर ये म्हटलं असतं तं भेटली असती मले."

"हाव दादा."

त्यानंतर आम्ही यावर कधी बोललो नाही. त्या दिवशी काय घडलं याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. आणि उद्या कुणी ते दिलं, तरी दादाला सांगण्यासारखं त्यात काही नसेल.