वडसा तक्त्यात नाही

पुण्याहून मुलाने, प्रशांतने, एक तक्ता पाठवला. कोणत्या महानगरातला माणूस तासाला किती उत्पादन करतो, कोणतं शहर किती वेगाने वाढतं, याची तुलना. मुंबई-पुणे वर, नागपूर खाली, आमचं चंद्रपूर कुठेच नाही.

"बाबा, वंदनाला दाखवा. इथं कपड्यांच्या कारखान्यात जागा आहे. रविवारपर्यंत कळवायचंय."

वंदना माझी मुलगी. वडशात झाडीपट्टीच्या नाटक मंडळींचे पोशाख शिवते. ती पुण्याला गेली तर अडीअडचणीला जवळ माझं कोणीच उरत नाही. हे काही तक्त्यात नव्हतं. तरी छापून घेतला.

ऊर्जानगरहून, म्हणजे आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून चंद्रपूर, तिथून एसटी. वडशाची थेट गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी असं तुकड्यातुकड्याने जा. अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. मी ते दर थांब्याला चाचपलं. मूलला आलुबोंडा गरम मिळतो, चटणी आधी हुंगून पाहा.

शेजारी धानाचा नमुना पिशवीत घेतलेला शेतकरी होता. त्याने माझ्या हातातल्या तक्त्यात डोकावलं. "काय हाय भाऊ, लॉटरी?"

"कोन्या शहराचा मानूस जास्त काम करते, ते हाय."

"अन मोजते कोन?"

"पुन्याचे लोक."

"मंग लागून राह्यला आपला नंबर!"

खरंच आहे. वीज आम्ही बनवायची. त्या विजेवर गार खोलीत बसून यांनी तासाचं उत्पादन मोजायचं, आणि ते मांडायचं स्वतःच्या नावावर. वर आम्हीच मागास.

वडशाला हंगाम जोरात होता. गावोगावची माणसं नाटक ठरवायला आली होती. वंदनाच्या दुकानात नाटकातला राजा हात वर करून उभा.

"बाई, पोटात कसून राह्यलं."

"मागच्या साली एवढं पोट नोतं भाऊ. जरीचा अंगरखा हाय, रबर नाई."

राजा गेल्यावर मी तक्ता काढला, पुण्यातल्या जागेचं सांगितलं.

"तिथी काय शिवाचं?" तिने विचारलं.

"खिसे. एका बाईले एकच काम. दिवसाले ढीगभर."

"अन बाकीचा शर्ट?"

"तो दुसऱ्या बाया शिवते."

ती हसली नाही. "प्रशांतचं समजलं. तुमचं काय म्हननं हाय, बाबा?"

"रस्ता लय खराब हाय," मी म्हणालो. "मले लवकर निघा लागते."

 मग तिने तक्ता दुमडला, त्यावर खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. नवीन पोशाखाचा फर्मा ती आधी कागदावरच कापते. मुंबई-पुण्यासकट वरचा भाग राजाच्या कॉलरीत गेला.

"कागद चांगला जाड हाय," म्हणाली.

उरलेला तुकडा घेऊन घरी आलो. प्रशांतचा फोन आलाच. "ती नाही म्हणते? तुम्ही नीट समजावलं नाही, बाबा."

"नाई समजावलं," मी म्हणालो.

वंदनाच्या तोंडावर 'जाऊ नको' म्हणता आलं नाही. म्हणून इथे लिहितो. ती हा ब्लॉग वाचते.