फळ्यावरचे पंधरा

आमच्या पेठेतल्या तालमीच्या दाराशी एक काळा फळा आहे. पेठेचा फुटबॉल संघ किंवा पेठेतलं एखादं पोर कुठेही खेळलं की निकाल त्या फळ्यावर लागतो, आणि गेली वीस-बावीस वर्षं तो मीच लिहितो. जिंकलो तर लिहायला दहा हात पुढे येतात. हरलो की खडू आपोआप माझ्याकडे येतो. पण नियम म्हणजे नियम. हरलेला निकालही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि पुढच्या मॅचपर्यंत पुसायचा नाही, मग समोरच्या पेठेतले लोक मुद्दाम गाड्या थांबवून वाचेनात का. निकालाखाली गोल मारणाऱ्यांची नावं. बस्स. कीपरचं नाव मी त्या फळ्यावर कधी लिहिलं नाही. मी स्वतः सेंटर फॉरवर्ड होतो, आणि ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभा करतात, असं माझं स्पष्ट मत होतं.

या मताला एक जुनी जखमही होती. एका फायनलमध्ये समोरच्या पेठेच्या कीपरने माझी पेनल्टी अडवली होती. तो आता साठीला आलाय, मीही आलोय. आम्ही हरलो की तो स्कूटरवरून येतो, फळा वाचतो, माझ्याकडे बघून मान हलवतो आणि जातो. तीस वर्षांत आमचं बोलणं एवढंच झालंय.

आणि माझीच मुलगी कीपर निघाली! ती सहा-सात वर्षांची असताना मी तिच्यापुढे चेंडू टाकला आणि म्हणालो, मार. तिने तो उचलून छातीशी धरला. मी चिडलो, समजावलं, लालूच दाखवली, पण पोरगी गोलातून हलली नाही. पुढे परराज्यातल्या एका व्यावसायिक संघाने तिला घेतलं. आमच्या पेठेतून एवढी पुढे गेलेली ती पहिलीच मुलगी. मी ते चहाच्या टपरीपासून जोतिबाच्या पायऱ्यांपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. तिच्यासमोर मात्र ‘बरं झालं’ यापुढे माझी जीभ कधी वळली नाही.

संघात ती दुसरी कीपर होती, म्हणजे बाकावरची. गेल्या हंगामात पहिलीचं बोट मोडलं आणि हिला उतरवायचं ठरलं, तेही थेट गतविजेत्यांसमोर. सकाळी तिचा फोन आला.

“पप्पा, आज मी खेळतोय.” आमच्या कोल्हापूरच्या पोरी स्वतःला असंच म्हणतात, त्यात नवल नाही. “समोरची टीम लई भारी हाय. आम्ही हरणार. फळ्यावर लिहू नका, एवढंच.”

“नियम हाय,” मी म्हणालो.

“ठावं हाय. म्हणून तर सांगतोय.” आणि तिने फोन ठेवला.

दुपारी चारला तालमीतल्या टीव्हीसमोर पेठ जमली. हलगीवाल्याने हलगी शेकून ताणून ठेवली होती. दहाव्या मिनिटाला समोरच्या फॉरवर्डने सणसणीत चेंडू मारला, पोरीने झेप घेऊन तो बाहेर काढला आणि हलगी कडाडली. मी ओरडलो, “अरे, गोल झाल्यावर वाजवतात हलगी! आधी गोल तर हूं दे!” हलगीवाला वरमला. आमच्याकडे हलगी आजवर गोलालाच वाजत आली आहे, अडवलेल्या चेंडूला कुणी वाजवत नाही.

पण आमचा गोल व्हायचं काही लक्षणच दिसेना. चेंडू मधल्या रेषेच्या पलीकडे जाईना. मध्यंतराला तीन गोल बसले होते, नंतर आणखी दोन. तिन्ही बाजूंनी मारा चालला होता आणि गोलात माझी एकटी पोरगी आडवी पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. गुडघ्यावरचा मोजा फाटला होता. किती वेळाने कोण जाणे, माझ्या ध्यानात आलं की हलगी पुन्हा वाजतेय, प्रत्येक अडवलेल्या चेंडूला वाजतेय, आणि मी गप्प आहे.

मॅच संपली. पडद्यावर आकडे आले. चेंडूचा ताबा त्यांच्याकडे ऐंशी टक्के, आमच्याकडे वीस. एकूण फटके त्यांचे एकतीस, आमचे दोन. गोल पाच विरुद्ध शून्य. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, तेवढ्याच एका ओळीत आमचा आकडा मोठा होता. कीपरने अडवलेले चेंडू, चौदा.

मी खडू घेतला. तालमीच्या वस्तादांना मी सकाळचा फोन सांगितला होता, ते हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे की आज. पोरीचा शब्द हाय.”

“नियम हाय,” मी म्हणालो आणि शून्य-पाच लिहिलं, नेहमीएवढंच मोठं. खाली गोल मारणाऱ्यांची जागा रिकामी होती. त्या जागी मी माझ्या लेकीचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, अडवले चौदा. मला इतका अभिमान स्वतःच्या एकाही गोलाचा वाटला नव्हता.

तेवढ्यात स्कूटर थांबली. समोरच्या पेठेचा तोच म्हातारा कीपर. त्याने फळा वाचला, पण मान हलवली नाही.

“चौदा कुणी सांगिटलं?”

“टीव्हीवर आलंय.”

“टीव्हीला काय कळतंय? दुसऱ्या हाफात बॉल बारला लागला, बघितलास न्हवं? त्यो आपसूक वर गेला न्हाय. पोरीचं बोट लागलंय त्याला. त्यांनी हिशोबात धरला न्हाय, पर मी घरात बसून बघितलंय. पंधरा हाईत.”

पुढच्या मॅचआधी त्या फळ्यावरचं मी आजवर काही पुसलं नव्हतं. त्या दिवशी तळहाताने चौदा पुसले आणि पंधरा लिहिले. त्याने वाचलं, स्कूटरला किक मारली आणि जाताना म्हणाला, “गोलात उभं ऱ्हायला छाती लागती, पावणं.” तीस वर्षांनी मी त्याला मान हलवून होकार दिला.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“लिहिलंसा?”

“लिहिलं. शून्य-पाच.”

मी लगेच पुढचं सांगितलं.

“खाली तुझं नाव हाय. आणि किती अडवलंस ते.”

“चौदा,” ती कोरडेपणाने म्हणाली. “तेवढेच धरल्यात त्यांनी.”

“पंधरा. एक तुझ्या बोटाला लागून बारवर गेला.”

“कुणाला दिसलं ते?”

मला दिसलं, असं म्हणायचा मोह झाला. पण खोटं कशाला बोलू? “कीपरला दिसलं,” मी म्हणालो. “फॉरवर्डला आता दिसतंय. शाब्बास, पोरी.”

ती हसली की रडली, मला सांगता येणार नाही.

“पप्पा,” ती म्हणाली, “पुढच्या मॅचपर्यंत पुसायचं न्हाय. नियम हाय.”