बाळाचार्यांची वंशावळ

धारवाडच्या सप्तापुरात बाळाचार्यांच्या घरी चहाला जायचं म्हटलं की नातेवाईक टाळायला निमित्तं शोधत. चहा बरा असे, पण त्यामागून वंशावळ येई. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आचार्यांना हा एकच नाद. पूर्वज साताऱ्याकडून कुणा सरदाराबरोबर कारकून म्हणून आले, इथेच जमीन मिळाली, राहिले. पुढे घरात मराठी आणि दारात कन्नड अशा कैक पिढ्या झाल्या. त्या सगळ्या आचार्यांनी एका भल्या थोरल्या कागदावर मांडल्या होत्या आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

बाहेरून येऊन इथे वसलेल्या घराण्यांत किती जन्मले, किती जगले, याचा अभ्यास विद्यापीठातली स्मृती करत होती. ती वंशावळ मागायला आली तेव्हा आचार्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. स्मृतीने कागद नीट वाचला आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे तान्ही मुलं दगावलीच नाहीत?"

"काटक घराणं आहे की आमचं!"

"बारशाआधी गेलेली धरलीत का?"

"नावच नाही, तर मांडायचं काय?"

"सगळीच घराणी तसं करतात, काका," ती हळूच म्हणाली. "म्हणून कागदावरची माणसं होती त्याहून सुखी दिसतात."

आचार्यांचा चेहरा उतरला. हट्टी असले तरी माणूस सरळ. दुसऱ्या दिवसापासून ते नातलगांच्या घरोघर फिरून अशा गेलेल्या बाळांची चौकशी करू लागले. कलघटगीच्या वहिनी आधी बोलेचनात, मग पदर डोळ्यांना लावून दोन मुलांचं सांगितलं. कमरीपेठेतली मथुराअक्का म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं बघ." आचार्य घरी येऊन जेवताना हे सगळं बायकोला सांगत. श्यामलाबाई वाढता वाढता ऐकत.

एके दिवशी त्यांनी आमटीची पळी ठक्कन खाली ठेवली. "गावभर विचारत फिरता. घरात कधी विचारणार?"

आचार्यांचा घास हातातच राहिला. त्यांचं पहिलं मूल, मुलगी, बारशाची तयारी चालू असतानाच गेली होती. घरात तिचा विषय काढायचा नाही, असं तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि आचार्यांनी ते इमानाने पाळलं. विसरले नव्हते हो! पण न बोलता इतकी वर्षं गेली की सुरुवात कुठून करायची हेच त्यांना कळेना.

हात धुऊन ते कागद घेऊन बायकोशेजारी बसले.

"नाव ठेवलं नव्हतं गं आपण. काय लिहू?"

"तुम्ही ठेवलं नव्हतं," श्यामलाबाई म्हणाल्या. "मी भाग्यलक्ष्मी म्हणत होते. पाजताना, तिच्या कानात."

आचार्य लहान मुलासारखे रडले. बाईंनी आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मग आचार्यांनी वळणदार अक्षरात नाव लिहिलं. शेजारीच मुलाच्या, श्रीवत्सच्या, नावापुढे 'ज्येष्ठ' असं लिहिलेलं होतं. ते त्यांनी खोडलं आणि त्याला बेंगळुरूला फोन लावला.

"काय अप्पा, बरे आहात ना?"

"बरा आहे रे. तुला एक थोरली अक्का होती. भाग्यलक्ष्मी."

श्रीवत्स म्हणाला, "अप्पा, फोन आईकडे द्या."