शेंड्यांचं वजन

वारज्याच्या पुलाजवळ पकडलेलं ते पोतं निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या पोत्यापेक्षा कितीतरी मोठे साठे मी पकडले, पण एवढं कुठल्याच साठ्याने शिकवलं नाही.

खबर दुपारी आली. एक रिक्षावाला गावाकडून गांजाचं पोतं घेऊन शहरात शिरतोय. नियमाप्रमाणे मी खबर लेखी नोंदवली, वरिष्ठांना कळवलं, दोन पंच आणि वजनकाटेवाला सोबत घेतला. रिक्षा थांबवली. मागच्या सीटवर गोणपाटाचं पोतं होतं. तोंड सोडलं तर आत गांजाची अख्खी झाडं, मुळांना ओली माती तशीच चिकटलेली. पोतं काट्यावर ठेवलं. वीस किलोच्या वर भरलं.

आमच्या पोलीस खात्यात तेव्हा हीच पद्धत होती. जे सापडलं ते जसंच्या तसं मोजायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पण वीस किलो ही साधी रेषा नव्हे. त्या वजनाला कायदा व्यापारी प्रमाण म्हणतो. तिथून पुढे किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि जामीन मिळणं जवळपास अशक्य.

चौकशीत रिक्षावाला दोन दिवस एकच वाक्य बोलला, "माझंच हाय साहेब, दुसऱ्या कुणाचं न्हाई." आमचे हवालदार वैतागले. "अरे, तुझं आहे हे आम्हाला दिसतंय. आणलं कुठून ते सांग. आकाशातून पडलं काय?"

तो पुन्हा तेच वाक्य म्हणे. माझा अनुभव असा, की विकणारा माणूस पोलिसांसमोर गिऱ्हाइकांची नावं लपवतो. हा लपवत होता ती जागा. शिवाय धंदेवाला मुळं आणि माती कशाला वाहून आणेल? तिसऱ्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "उपटताना फार घाई झाली होती का रे?"

त्याचे डोळे भरून आले. "मामाच्या बांधावर आपसूक उगवलंय साहेब. मामाला ठावं बी न्हाई. त्यांना यात वढू नका. मला रोज लागतं, म्हणून उपटून आणलं."

आम्ही बांधावर जाऊन पंचनामा केला. झाडं उपटलेले खड्डे दिसले. आजूबाजूला रानगवत, लागवडीची एकही खूण नाही. माणूस खरं बोलत होता. पण वजन मात्र वीस किलोच्या वरच होतं.

त्याची बायको खराडीच्या एका कंपनीत साफसफाईचं काम करायची. ती चौकीत आली आणि मला म्हणाली, "अहो साहेब, दहा वर्षं म्हंजे पुरी दहा? त्यात कमी काय होत न्हाई का?"

पुढची पायरी म्हणजे मुद्देमालाची मोजदाद आणि नमुने घेणं. ते दंडाधिकाऱ्यांसमोर करावं लागतं. दंडाधिकारी बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पोत्यात डोकावून विचारलं, "यात गांजा किती आहे?"

मी वजन सांगितलं.

"ते पोत्याचं वजन झालं. मी गांजाचं विचारते आहे."

त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून व्याख्या मोठ्याने वाचली. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. न्यायालयाच्या आवारात ताडपत्री अंथरायला लावली आणि पोतं रिकामं करायला सांगितलं. हातमोजे घालून आम्ही शेंडे एका बाजूला, खोडं, मुळं आणि सुटी पानं दुसऱ्या बाजूला करू लागलो. बाई खुर्ची टाकून समोरच बसल्या.

हवालदार पुटपुटले, "मंडईत भाजी निवडायला बसवलंय."

बाईंनी ऐकलं. "हवालदार, भाजी चुकीची निवडली तर एका दिवसाची आमटी बिघडते. इथे एका माणसाची दहा वर्षं जातील. नीट बघून घ्या."

हवालदारांनी चष्मा पुसून घेतला आणि पुन्हा मान वर केली नाही. बहुतेक झाडं कोवळी होती, फुलोरा थोड्याच झाडांना आलेला. शेंडे वेगळे मोजले. एक किलोच्या आत भरले, म्हणजे कायद्याने अल्प प्रमाण. दहा वर्षांची शिक्षा त्या ताडपत्रीवर आमच्या डोळ्यांदेखत मातीत गेली. त्याला जामीन मिळाला.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत शिकलो, त्यामुळे छापील अक्षराबद्दल मला लहानपणापासून आदर. भरती झालो तेव्हा या कायद्यात थोडा माल आणि पोतंभर माल यांच्या शिक्षेत आजच्यासारख्या पायऱ्या नव्हत्या. पुढे दुरुस्ती होऊन अल्प, मधलं आणि व्यापारी अशी प्रमाणं ठरली. ती मला पाठ होती. पण त्या आकड्यांमागे कुणीतरी माणसामाणसांत फरक करायला बसलं होतं, हे मला त्या ताडपत्रीजवळ उमगलं.

खटला विशेष न्यायालयात चालला. त्याने गुन्हा कबूल केला. वैद्यकीय अहवालावरून तो व्यसनी असल्याचं सिद्ध झालं. मी शिक्षेची वाट पाहत उभा होतो. न्यायाधीश महाराजांनी कायद्यातलं एक कलम काढलं, जे वापरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमी घेऊन, सरकारमान्य रुग्णालयात उपचारांसाठी सोडता येतं. मात्र त्याची संमती लागते.

न्यायाधीशांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "उपचार घ्यायची तुमची तयारी आहे का?"

तो गोंधळून मागे बघू लागला. मागे भिंत होती.

"तुम्हालाच विचारतोय."

"मला इचारताय व्हय साहेब?" तो म्हणाला, आणि त्याने हात जोडले. शिरस्तेदारांना उत्तर लिहून घ्यायचं होतं, म्हणून न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं आणि तो नीट बोलेपर्यंत थांबले. सगळं न्यायालय थांबलं. "हाय साहेब. तयारी हाय."

सबंध नोकरीत मी आरोपींना कुठून आणलं आणि कुणाला दिलं एवढंच विचारत आलो. शिक्षेच्या घटकेला कायदा माणसाला त्याचं मत विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझा हात आपोआप टोपीकडे गेला आणि मी सॅल्यूट केला. न्यायाधीशांचं लक्ष नव्हतं. ते पुढच्या खटल्याचे कागद मागवत होते.