बंद खिडकीतली भाकरी

मला तेव्हा भूक लागायची म्हणजे कशी, तर जेवून हात पुसला की लागलीच. सकाळी पोळ्या, भात पोटभर खाऊन उठावं आणि थोड्या वेळात हातपाय कापायला लागावेत. मग खारी, टोस्ट, हाताला लागेल ते. मुलगा म्हणायचा, "आई, तुझ्या पोटाला बूड आहे की नाही?" तो कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता, त्याच्या पगारावर आम्ही कोथरूडला फ्लॅटमध्ये आलेलो, म्हणून हसून घ्यायचं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काकू, साखर डोळ्यांपर्यंत पोचायला लागलीय. पुढच्या तपासणीत उतरली नाही, तर इंजेक्शनं सुरू."

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं जे काही येतं ते रद्दीतले पेपर आणि लायब्ररीतली पुस्तकं वाचून आलेलं. डोळेच गेले तर मी करू काय, सांगा.

"तुमची भूक खोटी नाही," बाई म्हणाल्या. "मैदा, भात झटकन पचतो. साखर चढते, उतरते, की परत भूक. चोथा असलेलं खा. मोडाची मटकी, पालेभाजी, काकडी. आणि मुख्य म्हणजे ज्वारीची भाकरी."

शेजारी आमचे हे बसले होते. म्हणाले, "भाकरी सोडून सांगा."

त्याचं असं आहे. लग्न झाल्यापासून आमच्या घरात भाकरी झाली नव्हती. यांचं लहानपण गावाकडचं. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याआधी सासूबाई संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर जायच्या. गावाची कामं केल्याचा मोबदला म्हणजे ती भाकरी. हे पदर धरून मागे. आत गरम भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि बाहेर यांच्या टोपलीत कालची पडायची. तीही वरून टाकलेली. दीक्षा घेतली त्या दिवशी सासूबाईंनी ती टोपली चुलीत घातली. पुढे हे शिकले, सरकारी नोकरीत साहेब झाले. पण भाकरी नको म्हणजे नको.

मग मुलानं कॉर्नफ्लेक्स आणले. वाडगाभर खाल्ले, तासाभरात पोट परत रिकामं. मग ब्राउन ब्रेड आला. दुधात बुडवला तर दुधाला तपकिरी रंग सुटला! आणि भूक होती तिथंच.

शेवटी मी गुपचूप ज्वारीचं पीठ आणलं. पहिली भाकरी थापायला घेतली, तोच हे स्वयंपाकघरात आले. थापल्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली आणि बाल्कनीत जाऊन बसले.

त्या दिवशी भाकरी, मटकीची उसळ आणि मेथी खाल्ली. दुपार झाली तरी हात कापले नाहीत. मी घड्याळाकडे बघतेय, पोटाकडे लक्ष देतेय. शांत होतं बाई सगळं! पोट शांत आणि घरही. घरातली शांतता मात्र अंगावर येणारी. रोज मी थापायला बसले की हे येऊन खिडकी लावायचे. समोरासमोर जेवायचो, त्यांच्या ताटात पोळी, माझ्या ताटात भाकरी, आणि बोलणं मीठ मागण्यापुरतं.

एक दिवस म्हणाले, "हा वास मला सहन होत नाही."

"अहो, मला डोळे हवेत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आणि ही कुणी वरून टाकलेली नाही. मी थापलीय."

ते ताटावरून उठले. वाटलं, संपलं. आता एकतर माझे डोळे, नाहीतर घरातलं बोलणं.

त्यातच विकतच्या पिठाची विरी गेली, चिकटपणा राहिला नाही, भाकऱ्या मोडायला लागल्या. दळून आणण्याशिवाय इलाज नव्हता. ज्वारीचा डबा जड. मला उचलेना. मी दारातच टेकले. हे आतून आले, चप्पल घातली, डबा उचलला आणि जिना उतरायला लागले. मी मागून.

गिरणीत रांग होती. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर आमच्या पुढे.

"काय साहेब, गहू का?"

मी यांच्या हाताकडे बघतेय. डब्याच्या कडीवर बोटं पांढरी पडलेली.

"ज्वारी."

"वा! डाएट वाटतं? सध्या फॅशनच आहे म्हणा."

"फॅशन तुमची," हे म्हणाले. "मी लहानपणी लोकांच्या दारात उभं राहून खाल्लीय."

मास्तरांनी मान खाली घातली. मग स्वतःचा डबा बाजूला सरकवून म्हणाले, "आधी तुमचं होऊ द्या." हे म्हणाले, "नको. रांगेतच आहोत."

घरी येऊन मी तवा ठेवला. हे आले. मी खिडकीकडे बघितलं, तेही बघत होते. खिडकी उघडीच ठेवून तिथेच उभे राहिले. पहिली भाकरी टम्म फुगली तशी हातानं उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवली. बोट भाजलं, तरी ठेवली. स्वतः पोळीच खाल्ली, अजूनही पोळीच खातात.

पुढच्या तपासणीत इंजेक्शन टळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भाकरी चालू आहे ना?"

माझ्याआधी हे म्हणाले, "हो. दळण मी आणतो."